ऐंशी फूट बशीर

बशीर मणेर गेला त्याला आता चार महिने होतील. साताऱ्याच्या पेपरात कुणीतरी चार ओळी दिल्या, "जुन्या काळातील बालकलाकार" म्हणून. फोटो आधार कार्डावरचा होता, त्यात तो नेहमीसारखा बाजूला बघतोय. बातमी देणाऱ्यानं वय चुकवलं, पिक्चरांची नावं चुकवली, आणि शेवटी "सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे" असं लिहिलं. कोण हळहळलं ते लिहिलं नाही. म्हणून मी बसलो लिहायला. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो, मान दुखते. मुलगी म्हणाली, तुम्ही बोला, मी मोबाईलमध्ये उतरवून घेते. म्हटलं, राहू दे. ह्या कामाला दुसऱ्याचा हात नको.

बशीर नवव्या वर्षी पिक्चरमध्ये आला आणि बाराव्या वर्षी बाहेर पडला. तीन पिक्चर झाले, चौथ्यातून काढला. तिन्ही विनोदी, तिन्ही काळे-पांढरे, कोल्हापुरात काढलेले. तिन्हीत त्याचं काम एकच, पडायचं. बैलगाडीतून पडायचं, चिंचेवरून पडायचं, पिक्चरमधल्या मामाच्या खांद्यावरून हौदात पडायचं. बोलायला तिन्ही पिक्चर मिळून एकच वाक्य होतं, "म्या न्हाई केलं." पिक्चरच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये नाव कुठंच नव्हतं. मी पिक्चरांची नावं इथं देत नाही. दिली की लोक मोबाईलमध्ये शोधतात आणि मला आणून दाखवतात. माझं बघून झालंय.

त्याचे वडील सांगलीचे. डोक्यावर काचेच्या बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडायचे. एकदा त्यांना कोल्हापूरच्या स्टुडिओतून बोलावणं आलं. लग्नाचा सीन होता, बायकांना चुडे भरायचे होते. बशीर बरोबर होता, त्याच्या हातात बांगड्यांचं उघडं ताट. मेकअपच्या खोलीला पाच पायऱ्या, तिसरीवर कुणाची तरी वायर पसरलेली. बशीर अडखळला, हवेत उलटा झाला आणि खाली येऊन मांडी घालून बसल्यासारखा बसला. ताट डोक्याच्या वर, दोन्ही हातांवर तोललेलं. एक बांगडी वाढली नाही.

बांगडीला आपल्याकडं फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण बशीर कशालाच फुटलं म्हणायचा नाही. कप वाढला, दिवा वाढला, एसटीचं टायर वाढलं.

तर ते बघून डायरेक्टर खुर्चीतून उठला. "परत पड बघू."

"साहेब, माल हाय त्यात," बशीरचे वडील म्हणाले.

"मालासकट पडू दे."

तो परत पडला. परत काही वाढलं नाही. मग त्यांनी ताटात कपबशा ठेवल्या आणि तिसऱ्यांदा पाडला. तिथंच ठरलं.

हे कसं जमतं, असं त्याला आयुष्यभर लोक विचारायचे. तो सांगायचा, "अंग सोडून द्यायचं. हातातलं सोडायचं न्हाई. लोक उलटं करत्यात. अंग आवळत्यात आन् हातातलं फेकत्यात. मग मोडत्यात."

साताऱ्यात मी मशीन चालवायचो त्या थेटरच्या गेटला त्याचं बांगड्यांचं दुकान होतं, आठ फूट लांब आणि चार फूट खोल. पावसाळ्यात समोरच्या उतारावर रोज एखादा सायकलवाला नाहीतर स्कूटरवाला घसरायचा. सगळे धावायचे. बशीर जागचा हलायचा नाही, मान तिरकी करून बघायचा आणि निकाल द्यायचा. "हात म्होरं केला. मनगट गेलं." नाहीतर, "चांगला पडला. उठंल आता." आणि तो खरोखर उठायचा. एकदा फौजेतला एक रिटायर सुभेदार गाडीवरून पडला, तर बशीर त्याला म्हणाला, "साहेब, गोळी लागल्यावर पडायचं शिकवलं असंल तुमाला, घसरल्यावर पडायचं न्हाई शिकवलं." सुभेदार मारायला धावला. नंतर त्याच सुभेदाराच्या घरच्या सगळ्या बायका बशीरकडंच बांगड्या भरायला यायच्या.

बांगड्या भरताना तो बाईच्या हाताकडं बघायचा नाही. दुकानाच्या खांबाकडं बघत बोलत राहायचा, माहेर कुठलं, पाऊस किती झाला तिकडं, ऊस गेला का कारखान्याला. बोलता बोलता अंगठ्याचं हाड दाबायचा आणि बांगडी आत गेलेली असायची. "हात सैल सोडा वैनी, जीव पन सैल सोडा," एवढंच मधून म्हणायचा. चाळीस वर्षांत त्याच्याकडं कुणाच्या हातातून रक्त आलेलं मी बघितलं नाही. विनोदी पिक्चर लागला की तो मॅटिनीला आत येऊन मागं उभा राहायचा. लोक पोट धरून हसायचे, हा मयताला आल्यासारखा उभा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "खाली गादी टाकली हुती. कळतंय की."

खांबाकडं बघायचं कारण वेगळं होतं. पहिल्या दिवशी शूटिंगला तो सारखा कॅमेऱ्याकडं बघत होता. डायरेक्टरनं मुस्काटात दिली. "त्या डोळ्याकडं बघायचं न्हाई. मेलास तरी बघायचं न्हाई." ती एक चपराक त्याच्या अंगात जन्मभर राहिली. लग्नाच्या फोटोत सगळे समोर, हा मांडवाच्या खांबाकडं बघतोय. पोरांच्या लग्नात तेच. आधार कार्ड काढायला आम्ही बरोबर गेलो होतो. खुर्चीवर बसला आणि मान फिरवली.

"आजोबा, इकडं बघा, कॅमेऱ्यात."

"बगतोय की."

"तुम्ही भिंतीकडं बघताय."

"हां, म्हंजे तिकडंच बगतोय न्हवं."

ते पोरगं रडकुंडीला आलं. मागं पन्नास माणसांची लाईन. शेवटी दोघांनी त्याचं डोकं धरलं, तर ह्यानं नुसती बुबुळं फिरवली. तसाच फोटो आहे कार्डावर. बँकेत दरवेळी भांडण व्हायचं. घरी हमीदाभाभी, त्याची बायको, मला म्हणायच्या, "पन्नास वर्सं झाली आप्पा, फोटोत ह्यांनी माझ्याकडं बगितलं न्हाई की कुनाकडं बगितलं न्हाई. चोर असल्यागत."

त्याचं करियर संपलं ते उंचीमुळं. स्टुडिओच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं त्याची खूण केलेली होती. पहिला पिक्चर झाला, दुसरा झाला, खूण बोटभर वर सरकली. तिसऱ्याच्या वेळी डायरेक्टर त्याच्या वडिलांना गमतीनं म्हणाला, "मणेर, ह्याला आता हिथनं वर जाऊ देऊ नका." गमतीनंच म्हणाला. पण मोठ्या माणसाचा शब्द, बशीरच्या वडिलांनी तो हुकूम समजून घेतला. बांगड्यांची पेटी स्वतःच्या डोक्यावरून काढून पोराच्या डोक्यावर ठेवली, वजनानं दबून राहील म्हणून. आंब्याच्या झाडाला लोंबकळायची बंदी केली, लोंबकळलं की माणूस लांबतो म्हणून. झोपायला बहिणीची तोकडी बाज दिली. आई बिचारी चोरून दूध पाजायची, ते वेगळंच.

तरी पोरगं वाढलंच. चौथ्या पिक्चरला बोलावलं तेव्हा ज्या मामाच्या काखेत बसून त्यानं तीन पिक्चर काढले, त्या मामाच्या खांद्याला ह्याचं डोकं लागत होतं. डायरेक्टरनं चौकटीपाशी उभा केला, वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "अरेरे. झाला की हा माणूस."

एवढ्यावर परत पाठवलं. बशीर हे सांगताना शेवटी एकच वाक्य जोडायचा. "पिक्चर गेला, पन डोक्यावरची पेटी काय उतरली न्हाई."

आता ह्यात माझा भाग येतो. तो मला टाळता आला असता तर टाळला असता.

मी त्या वेळी फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर. सातारा, फलटण, इस्लामपूर, तासगाव, जत्रा असेल तिथं तंबू. दोरी बांधून एका बाजूला बाया, एका बाजूला बापे, मधे माझी मशीन. मालकाकडं दहा-बारा पिक्चरांचे प्रिंट होते, त्यात बशीरचा तिसरा पिक्चर. आमचा सगळ्यात चालता प्रिंट तोच. आणि तो चालायचा एका सीनमुळं.

लग्नघर. पाहुणे बसलेत. एक पोरगं ताटात बारा कपबशा घेऊन सोप्यातून निघतं. उंबऱ्याला अडखळतं आणि सात पायऱ्यांवरून गडगडत अंगणात. ताट वर. पोरगं खाली जाऊन बसतं, ताट मांडीवर घेतं. एक कप हललेला नाही. सगळे गप्प. मग जाडा मामा आनंदानं धावत येतो, पोराला उचलायला जातो आणि त्याच्या कोपरानं एक कप पडून फुटतो. आणि तेव्हा पोरगं सरळ कॅमेऱ्याकडं बघतं. चुकून बघितलं होतं त्यानं, पण असं बघितलं की डायरेक्टरनं ते ठेवलं. "बघा, आता मी काय करू?" असं ते बघणं होतं.

तंबू फाटायचा तिथं. पागोटी उडायची. आणि ओरडा सुरू व्हायचा, "वन्समोर! वन्समोर!" त्या काळी वन्समोर म्हटलं की ऑपरेटरला दाखवावंच लागायचं, नाहीतर ढेकळं यायची. मशीन थांबवायची, रीळ हातानं उलटं गुंडाळायचं, परत लावायचं. एकेका खेळाला तीन-तीन वेळा. दिवसाला दोन खेळ. वर्षानुवर्षं. रीळाच्या कडेला भोकं असतात, मशीनचे दात त्यात अडकून रीळ पुढं सरकतं. सबंध पिक्चरची भोकं धड होती, पण त्या ऐंशी फुटांची झिजली. लोकांनी आवडीनं बघून बघून तो तुकडा खाल्ला म्हणा.

मग ते तिथं अडकायला लागलं. मी जोड द्यायचो, ब्लेडनं खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून. प्रत्येक जोडाला खूण म्हणून चित्राच्या कोपऱ्यात दोन आडव्या रेघा ओढायचो. माझं काम साफ होतं. माझ्या मशीनवर पिक्चर तुटला, असं कुणी म्हणलेलं मला चालायचं नाही. एका गावात पोरगं पायरीवर असतानाच रीळ अडकलं, जळलं, आणि लोकांनी माझ्या आईवरून शिव्या दिल्या. ढेकूळ कानावर बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेतली आणि उंबऱ्यापासून बघण्यापर्यंत सगळे ऐंशी फूट काढून टाकले. चार जागी भोकं फाटली होती, तासाभरात जोडता आली असती. मी जोडली नाहीत. रागानं कापलं. मालकाला सांगितलं, गेलंच होतं ते.

पुढचा मुक्काम फलटणकडच्या जत्रेत होता. पहिला खेळ सुटला आणि एक तरणा माणूस मशीनपाशी आला. मागं नवी नवरी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, पदर तोंडावर.

"ऑपरेटरसाहेब, ते कपबशीचं पोरगं कुटं गेलं?"

"कसलं पोरगं?"

"पायऱ्यावरनं पडतंय ते. आज दावलंच न्हाई."

मी घामानं भिजलेलो, कान सुजलेला, दुसऱ्या खेळाची रीळं लावायची. मी म्हटलं, "ह्या पिक्चरमध्ये असलं काय नाहीच."

"हाय की. म्याच हाय तो."

बायको पदराआड हसली. मला ते हसणं ऐकू आलं, त्याला तर नक्कीच आलं. त्या वेळी मी गप बसायला पाहिजे होतं. पण ज्याच्याशी मी खोटं बोललो तो समोर उभाच राहिला, हलेना, म्हणून मला राग आला. मी म्हटलं, "पडायचंच असलं तर घरी जाऊन पड. इथं गर्दी करू नको."

तो बायकोला घेऊन गेला. जाताना दिव्याच्या खांबाकडं बघत होता.

तीन वर्षांनी तंबू मोडला, मी साताऱ्याच्या थेटरात लागलो. पहिल्याच आठवड्यात चहावाल्यानं ओळख करून दिली. "हे आमचे बशीरभाई. लहानपणी पिक्चरात हुते." बशीरनं सलाम केला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. त्या बघण्यावरून मी ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फलटणला माझं तोंड अंधारात होतं, दिवा मशीनवर होता. नसेल ओळखलं, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं ते ठरवलं.

नंतर कळत गेलं. तो सासुरवाडीत राहत होता, दुकान सासऱ्याचं. भाभींना तीन भाऊ. लग्नाच्या बोलणीत सांगलीकडच्यांनी मुलगा सिनेमातला आहे म्हणून सांगितलेलं. भावांनी तेच धरून ठेवलं. "सिनेमावाले, पाणी भरा. सिनेमावाले, जरा पडून दाखवा." त्या लोकांना एकदा दाखवायचं, निदान बायकोला तरी, एवढ्यासाठी तो तिला एसटीनं फलटणला घेऊन आला होता. घरी परत गेल्यावर काय झालं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तर बशीर सगळं रंगवून सांगायचा. घरात मात्र त्यानं पिक्चरचं नाव त्यानंतर काढलं नाही. भाभीच मधून टोमणा मारायच्या. "आप्पा, तुमी एवढे पिक्चर चालवले, आमचं पडनारं मानूस कवा दिसलं का हो तुमाला?"

"न्हाई," मी म्हणायचो आणि चहा प्यायचो.

अशी चाळीसच्या वर वर्षं चहा प्यालो. रोज सकाळी दहाला, मॅटिनीच्या आधी. त्याच्या बशीत माझा अर्धा, माझ्या बशीत त्याची खारी. माझी बायको गेली तेव्हा तिला शेवटच्या हिरव्या बांगड्या त्यानं घरी येऊन भरल्या, थंड हातात, एकही न वाढवता. एवढ्या वर्षांत सांगायला वेळ नव्हता असं नाही. आज सांगू, थेटर बंद झाल्यावर सांगू. मग थेटर बंद झालं, तिथं आता गाळे निघालेत. मी रिटायर झालो, त्याचं दुकान घराच्या ओट्यावर आलं. मी कुणाची माफी मागितलेली नाही जन्मात. वडिलांची नाही, मालकाची नाही. सवय नाही ती.

मागच्या थंडीत बशीर न्हाणीत पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात गेलो तर छताकडं बघत म्हणाला, "खुबा वाढला, आप्पा. आन् हातात काय हुतं म्हाईत हाय? तांब्या. तांब्या तसाच. पानी सांडलं न्हाई."

ऑपरेशन झालं, पण तो उठला नाही. घरी खिडकीपाशी खाट टाकली. मग एके दिवशी त्याच्या सुनेचा, शबानाचा, फोन आला. "आप्पा, अब्बूंचा पिक्चर मोबाईलवर घावला. कुनीतरी टाकलाय. दुपारी या, तुमी आल्याबिगर लावायचा न्हाई म्हणतायत."

मी गेलो. खाटेभोवती घरचे सगळे. भाभींचा एक भाऊ तेवढा राहिलाय, तोही काठी टेकत आला आणि खुर्चीत बसत म्हणाला, "हां सिनेमावाले, बघू आज." बशीरनं दाढी करून घेतली होती. मोबाईल उशीला टेकवला. तो स्वतः पडद्याकडं बघत नव्हता. भाभींच्या तोंडाकडं बघत होता.

लग्नघर आलं. पाहुणे आले. पोरगं ताट घेऊन सोप्यातून निघालं. "आलं, आलं, हेच ते!" शबाना ओरडली. पोरानं उंबऱ्याकडं पाऊल टाकलं. कोपऱ्यात दोन आडव्या रेघा चमकल्या. आणि पुढच्या क्षणी मामा पंगतीत बसून जिलबी खात होता.

"ह्या," भाभींचा भाऊ म्हणाला.

शबानानं मागं नेलं, परत लावलं. परत दोन रेघा, परत जिलबी. आमचाच प्रिंट. मालकानं विकला असेल, कुठं कुठं फिरून तो एवढाच उरला असेल. जगात कुणीही कुठंही तो पिक्चर लावला तरी माझी कात्री तिथं आहे.

भाभी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, म्हाताऱ्या बायका हसतात तसं हसल्या. "ऱ्हाऊ द्या वो. फलटनला बी न्हवतं, हितं बी न्हाई. म्या कुटं काय म्हंते?"

बशीरनं मान खिडकीकडं फिरवली. मी पाणी पिऊन घरी आलो.

तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी माळ्यावरची तपकिरीची डबी काढली. त्यात जुनं ब्लेड, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनचे तुकडे आणि फिल्मच्या पाच चौकटी. ऐंशी फुटांतलं बाकीचं जत्रेतल्या पोरांनी मागून नेलं, उन्हात धरून बघायला. एवढा तुकडा मी का ठेवला ते मला सांगता येत नाही. आता आकसला होता, आंबूस वास येत होता. शर्टाच्या खिशात घालून गेलो. चार जागी थांबलो चढावर, गुडघ्यांनी जीव घेतला.

बशीर एकटाच होता, भाभी आत चहा टाकत होत्या. मी खाटेपाशी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "बशीर, ते मी कापलंय."

त्यानं पांघरूण छातीवर सारखं केलं.

"तंबूत होतो तेव्हा. अडकत होतं. जोडता आलं असतं. नाही जोडलं."

"किती फूट?"

"ऐंशी."

"म्हंजे उंबऱ्यापासनं."

"उंबऱ्यापासनं बघण्यापर्यंत."

तो खिडकीच्या गजाकडं बघत होता. फलटणचं मी अजून काढलंच नव्हतं. तोंडाशी येत होतं, परत खाली जात होतं. मग तोच म्हणाला, हळू, "घरी जाऊन पड म्हनला हुता तुमी. पडलो बगा."

"तुला माहीत होतं?"

"तुमी थेटरात आला त्याच दिवशी वळाकलं. आवाजावरनं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बगत हुतो." त्याची नजर गजावरच. "लय वाट बगायला लावली तुमी, आप्पा. सगळं म्हातारं झालं."

मी माफी मागितली नाही. तोंड उघडलं होतं, पण ते शब्द मला येत नाहीत. मी खिशातून तुकडा काढला आणि पुढं केला. त्यानं बघितलं, घेतला नाही. आत हाक मारली. "हमीदा. हिकडं यं."

भाभी हात पुसत आल्या. "काय वो?"

"आप्पांनी आनलंय. उजेडात धरून बग."

त्या खिडकीपाशी गेल्या, चष्मा सारखा केला, तुकडा उन्हात धरला. "काय हाय हे? पोरगं टांगलंय जनू."

"उलटं धरलंस तू," बशीर म्हणाला. "फिरव. टांगलेला न्हाई, बसलोय मी. पडून झालंय."

भाभींनी फिरवला. बाहेरून रिक्षा गेली, आत चहा उतू गेल्याचा आवाज आला, तरी त्या तशाच उभ्या. पाचही चौकटींत तेच होतं. मांडीवर ताट, एक कप कमी, आणि पोरगं सरळ समोर बघतंय.

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर माज्याकडंच बगत्यात."

चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, परत लावला, परत बघितलं. मग खाटेवरच्या नवऱ्याकडं वळल्या. "आन् ताटात समदे कप तसेच?"

"एक मामानं वाढवला," बशीर म्हणाला. "म्या न्हाई केलं."

भाभी हसल्या. ह्या वेळी पदर तोंडावर घेतला नाही. मग चहाची आठवण होऊन आत पळाल्या, जाताना तुकडा त्याच्या हातात देऊन.

मी उठलो. चहाला थांबलो नाही. तो थांबा म्हणाला नाही, मीही थांबलो असतो असं नाही. दारात चपला घालताना वळून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला त्यात काही दिसत नसणार. तरी त्यानं तो तुकडा दोन बोटांत कडेनं धरला होता, बांगडी धरतात तसा, आणि खिडकीच्या उजेडात वर उचलला होता. अंग सगळं गादीवर सोडून दिलेलं. हात तेवढा वर.